काळी काऊन, जांभळी काऊन : बुरशीच्या रंगाचे प्रश्न

सप्टेंबरपासून या सदराकडे जे प्रश्न येऊन राहिले त्यातले बरेचसे बुरशीचेच आहेत. कोणाच्या पिकावरची, कोणाच्या अंगावरची, कोणाच्या भिंतीवरची, पण गंमत अशी की जवळपास सगळ्यांनी रंगच विचारलाय, काळी काऊन, जांभळी काऊन, पांढरा डाग कशाचा. म्हणून विहिरीच्या अनुदानाचे अन् सातबाऱ्याचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलले आहेत, त्यांनी रागावू नये. प्रश्न तुमच्याच भाषेत ठेवले आहेत, नावं तेवढी गाळली.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काळी बुरशी झाली होती, नागपूरले ऑपरेशन करून वरचा जबडा काढा लागला. जीव वाचला, पण तेव्हापासून ब्रेडवर, भिंतीवर कुठंबी काळं दिसलं का मले धडकी भरते. हे तेच असते का? (एक ताई, दारव्हा तालुका)

ताई, धडकी भरणारच, २०२१ च्या उन्हाळ्यात विदर्भातल्या किती तरी घरांनी हे भोगलंय. पण म्युकरमायकोसिसची बुरशी अंगात वाढते तेव्हा ती काळी नसतेच. काढलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवला तर रुंद, फिकट, जवळपास बिनरंगाचे धागे दिसतात. टाळूवर किंवा नाकात जे काळं दिसत होतं ते आपलंच मेलेलं मांस. ही बुरशी रक्तवाहिनीत घुसते, आत गुठळी होते, पुढं रक्त जात नाही अन् तो भाग मरून काळा पडतो. म्हणूनच डॉक्टरांना जबडा काढावा लागतो, जिथं रक्तच पोचत नाही तिथं नुसतं इंजेक्शन कसं पोचणार.

आता ब्रेडवरचं. आधी पांढरी लव येते अन् मग वर टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके, तो बहुतेक रायझोपस, म्हणजे म्युकरवाल्या खानदानातलाच. ठिपके म्हणजे बीजाणूंच्या थैल्या. त्याचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, तुमच्याकडे, माझ्याकडे, सगळ्यांच्या नाकात रोज जातात अन् काही होत नाही. तेव्हा झालं ते शुगर बेकाबू, त्यात स्टेरॉइडचे डोस, त्यात कोरोनानं पिळून काढलेलं शरीर, असं सगळं एकदम आल्यानं. भिंतीवर ओलीनं येते ती वेगळी बुरशी, क्लॅडोस्पोरियम किंवा काळा ॲस्परजिलस, ती मात्र खरोखरची काळी, तिच्या पेशीच्या भिंतीतच मेलॅनिन नावाचं काळं रंगद्रव्य असतं. ब्रेड फेकून द्या, भिंतीत पाणी कुठून मुरते ते पाहा, अन् सासऱ्यांची शुगर दर महिन्याला तपासा, तीच खरी राखण आहे.

प्रश्न : बीएस्सी सेकंड इयरला आहे. मेलॅनिन बनवायला बुरशीला एनर्जी लागतच असेल ना? मग फुफ्फुसात किंवा मेंदूत राहणारी बुरशी पण रंग का बनवते, तिथं तर ऊनच नाही. (अचलपूर)

या खेपेतला सगळ्यात भारी प्रश्न हा, म्हणून उत्तर लांबणार. आपल्या केसात, कातडीत जे मेलॅनिन असतं त्याच घराण्यातला पदार्थ बुरशी स्वतःच्या पेशीच्या भिंतीत भरते. उन्हापासून वाचवणं हे त्याचं शेतातलं काम. अंगात शिरल्यावर त्याच मालाची दुसरीच कामं निघतात.

ॲस्परजिलस फ्युमिगेटस घे. कुटाराच्या ढिगात किंवा उकिरड्यात फावडं घातलं की जी धूळ उडते त्यात हिचे राखाडी-हिरवे बीजाणू असतात, एकेक दोन-तीन मायक्रॉनचा, आपण ते रोज शेकड्यानं ओढतो. फुफ्फुसात मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी गस्तीवर असतात. त्या बीजाणू गिळतात, गिळला की तो पेशीतल्या एका पिशवीत बंद, मग पिशवीत आम्ल सोडायचं, पचवणारे एन्झाइम सोडायचे अन् निकाल लावायचा, अशी त्यांची पद्धत. बीजाणूवरचं मेलॅनिन नेमकं इथं आडवं येतं. ते पिशवीतलं कॅल्शियम धरून बसतं, कॅल्शियम सुटलं नाही की पुढचा सिग्नल जात नाही, आम्ल पुरेसं येत नाही, अन् बीजाणू आत जिवंत राहून सवड मिळाली की कोंब काढतो. कॅल्शियमचा हा धागा २०१८ मध्ये उलगडला. त्याच्या वीसेक वर्षं आधी जर्मनीत अन् अमेरिकेत संशोधकांनी या बुरशीचा रंग बनवणारा एकच जीन बिघडवून पाहिला होता, तर बीजाणू पांढरेफटक निघाले. बुरशी तीच, फक्त रंग गेलेला. पण ते पांढरे बीजाणू रोगप्रतिकारक पेशींच्या तावडीतून पहिल्यासारखे सुटेनात, अन् उंदरांना टोचले तर उंदीरही कमी मेले. त्या ताईंच्या रायझोपसचे बीजाणूही मॅक्रोफेजमध्ये जिवंत राहायला बाहेरच्या मेलॅनिनचाच आधार घेतात, फक्त तो कोंब फुटेपर्यंतच, पुढचे धागे फिकट.

शिवाय पांढऱ्या पेशी हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जाळणारी रसायनं सोडतात, मेलॅनिन ती शोषून निकामी करतं. अँफोटेरिसिन बी सारखं औषधही त्याला चिकटून अडकतं अन् खऱ्या ठिकाणी कमी पोचतं. म्हणजे एनर्जी वाया जात नाही, पुरेपूर वसूल होते.

आपलं शरीरही आंधळं नाही म्हणा. आपल्या काही पेशींवर मेललेक नावाचा रिसेप्टर असतो, तो ॲस्परजिलसच्या या मेलॅनिनलाच ओळखतो, हेही २०१८ चंच. धडधाकट माणसात बीजाणूंचा निकाल लागतोच, रंग असो नसो. भीती ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली त्यांना, अन् टीबी बरा झाल्यावर ज्यांच्या फुफ्फुसात पोकळी राहिली त्यांना. अशा पोकळीत ही बुरशी गोळा करून बसते अन् खोकल्यातून रक्त येतं, मग टीबी उलटला समजून पुन्हा तीच औषधं सुरू होतात, असं आपल्याकडं होतं, म्हणून लिहिलं.

आता मेंदूची. क्रिप्टोकोकस नावाची बुरशी कबुतरांच्या विष्ठेत अन् झाडांच्या ढोलीत राहते, एचआयव्हीच्या पेशंटमध्ये मेंदूज्वर करते. हिची रंगाची रेसिपी वेगळी, कच्चा माल बाहेरून लागतो, डोपा, डोपामाइन असला. अन् डोपामाइन मेंदूत भरपूर. म्हणूनच ही मेंदूकडं धावते असं काही जण मानतात, तेवढ्यावरच सगळं ठरत नसावं, पण तिथं गेल्यावर तिला रंगाचा माल घरबसल्या मिळतो हे खरं. लॅबमध्ये हिला ओळखायची युक्ती तर आपल्या स्वयंपाकघरातली निघाली. १९६२ मध्ये स्टाइब नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं कारळं वाटून त्याचा अर्क घातलेलं माध्यम वापरलं, हो, आपण जिची चटणी करतो तेच कारळं, पक्ष्यांना घालायचं बी म्हणून ते तिकडं मिळतं. त्या माध्यमावर क्रिप्टोकोकसच्या वसाहती गडद तपकिरी होतात, बाकीचे यीस्ट पांढरे राहतात. कारळातलं कॅफिक ॲसिड हिच्या एन्झाइमला कच्चा माल म्हणून चालतं. हे माध्यम अजूनही वापरतात.

हा थर केवढा चिवट असतो पाहा. रंग भरलेल्या क्रिप्टोकोकस पेशी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात उकळल्या तर बाकी सगळं विरघळून जातं, पण मेलॅनिनचं पोकळ टरफल पेशीच्याच आकाराचं शिल्लक राहतं. संशोधकांनी अशी टरफलं आजारी उंदरांच्या मेंदूतून काढून दाखवली, तेव्हा कुठं ही बुरशी अंगातसुद्धा रंग बनवते हे पक्कं झालं. अन् उन्हाचंच म्हणशील तर चेर्नोबिलच्या फुटलेल्या अणुभट्टीच्या भिंतींवरही काळ्या बुरशा आरामात वाढलेल्या सापडल्या होत्या, तो विषय मोठा आहे, परत कधी.

प्रश्न : धानावर करपा दिसला का कृषी केंद्रवाला ट्रायसायक्लाझोल देते. मागच्या साली ठिपके दिसल्यावर दोनदा मारलं, काईच फरक नाही, मानमोडीनं लोंब्या पांढऱ्या पडल्या. औषध डुप्लिकेट होतं का? (लाखांदूर तालुका, जि. भंडारा)

काकाजी, डुप्लिकेट असूही शकते, पुडा पाहिल्याशिवाय कसं सांगू, पण मले वाटते वेळ चुकली. हे औषध करप्याच्या बुरशीला मारतच नाही. बशीत बुरशी वाढवून त्यात हे घातलं तरी ती वाढत राहते, फक्त तिचा काळा-राखाडी रंग जाऊन ती तांबूस पडते. तुम्ही म्हणाल मग विकता काऊन? तर ऐका.

रात्री दव पडलं, पान ओलं झालं की बीजाणू पानाला चिकटतो, काही तासात कोंब फुटतो, कोंबाच्या टोकाला गोल फुगा होतो. हा फुगा साध्या डोळ्याला दिसत नाही. त्याची भिंत अन् आतला पातळ पडदा यांच्यामधे मेलॅनिनचा थर बसतो अन् फुगा काळसर होतो. मग आत ग्लिसरॉल साठायला लागतं, ते बाहेरचं पाणी आत ओढतं, पाणी आत येऊ शकतं पण मेलॅनिनमुळं ग्लिसरॉल बाहेर जाऊ शकत नाही, दाब वाढत वाढत ८ मेगापास्कलपर्यंत जातो, म्हणजे कारच्या टायरात हवा असते त्याच्या साधारण ४० पट. एवढा दाब आला की फुग्याच्या बुडातून एक बारीक खुंटी पानाचं कडक कातडं फोडून सरळ आत. ट्रायसायक्लाझोल काय करते, तर मेलॅनिन बनवायच्या साखळीतली एक कडी तोडते. थर बसत नाही, ग्लिसरॉल झिरपून जाते, दाब येत नाही, अन् बुरशी पानावर पडून राहते पण आत घुसू शकत नाही. १९७० च्या दशकापासून हे औषध याच एका गोष्टीवर चालून राहिलं.

म्हणून ठिपका दिसला म्हणजे खुंटी आत गेली, आता तिले मेलॅनिन असलं काय नसलं काय. हे औषध आधी मारायचं, धान गर्भात असताना अन् निसवायच्या सुमारास, त्यातही ढगाळ हवा, रात्री थंड अन् सकाळी दव असं जमून आलं की वाट पाहायची नाही. ठिपके दिसल्यावर दुसऱ्या गटाचं औषध लागते, कासुगामायसिन किंवा आयसोप्रोथिओलेन, कोणतं अन् किती ते आपल्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या. अन् बांधीत युरिया किती टाकला ते पण एकदा आठवा, युरियानं काळंभोर झालेल्या धानावर करपा जास्त येतो. एक्स्पोर्टचं धान असेल तर अजून एक भानगड, युरोपनं २०१८ पासून तांदळात या औषधाची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर आणली, बासमतीवाल्यांना त्याचा चांगलाच फटका बसला. आधारभूत केंद्रावर जाणाऱ्या धानाले तो प्रश्न नाही, पण खातो तर आपणच, म्हणून लेबलवर लिहिलेले थांबायचे दिवस पाळा.

अचलपूरवाल्या विद्यार्थ्यासाठी इथंच एक जोड. माणसाच्या बुरशीवर असं रंग तोडणारं औषध बाजारात नाही. ॲस्परजिलसची रेसिपी करप्यासारखीच आहे अन् आपल्या शरीरात ती नाही, म्हणजे आशेला जागा आहे. क्रिप्टोकोकसची मात्र आपल्याच केस-कातडीच्या रेसिपीच्या बरीच जवळ जाते, तिथं हात जपून घालावा लागतो. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं दाखवलं की ग्लायफोसेट, हो तेच तणनाशक, क्रिप्टोकोकसचा रंग रोखतं अन् आजारी उंदीर जास्त दिवस जगतात. ही प्रयोगशाळेतली गोष्ट आहे. तणनाशक हे विष आहे, आपल्या जिल्ह्यांना फवारणीच्या विषबाधा नवीन नाहीत, तेव्हा कोणी भलता अर्थ काढू नये.

प्रश्न : बाबा जन्मभर बिनचपलेचे वावरात गेले. तीन-चार सालापासून उजवा पाय सुजून जाड झाला, दुखत नाही म्हणून ते ऐकत नाहीत. आता त्याले बारीक बारीक छिद्रं पडली अन् त्यातून पाण्यासोबत काळे दाणे येतात, मोहरीपेक्षा लहान. गावातले म्हणतात हत्तीपाय आहे. (मंगरूळपीर तालुका, जि. वाशीम)

दादा, पत्रावरून निदान करत नसतात, पण तुम्ही जे तीन लक्षणं लिहिली, न दुखणारी सूज, छिद्रं अन् दाणे, ही मायसेटोमाची आहेत, हत्तीपायात दाणे येत नाहीत. बाभळीचा काटा किंवा तुरीचं खुट पायात जातं, मातीतली बुरशी त्यासोबत आत, अन् मग वर्षानुवर्षं ती सावकाश कातडीखाली, मांसात, शेवटी हाडात पसरते. दुखत नाही हीच याची लबाडी.

तो काळा दाणा म्हणजे मांसाचा तुकडा नाही, बुरशीची आख्खी वसाहत आहे, धाग्यांचा गुंता अन् त्याला मेलॅनिनमिश्रित कडक लुकण. काळ्या दाण्याची सगळ्यात नेहमीची धनी मॅड्युरेला मायसेटोमॅटिस. मेलॅनिनमुळं पांढऱ्या पेशींचं काही चालत नाही अन् औषधही नीट भिडत नाही. प्रयोगशाळेत या बुरशीचं मेलॅनिन सोबत घातलं तर इट्राकोनॅझोल अन् केटोकोनॅझोल कित्येक पट जास्त लागलं तेव्हा ती अडली. याच कारणानं गोळ्या महिनोन्महिने चालतात अन् कधी कधी सोबत ऑपरेशनही.

पण दाण्याचा रंग इथं डॉक्टरच्या कामाचाही आहे. काळे दाणे बुरशीचे. लाल दाणे बहुतेक बॅक्टेरियाचे. पांढरे-पिवळे दोघांपैकी कोणाचेही. बॅक्टेरियाचा असला तर अँटिबायोटिकनं काम होतं अन् पाय वाचायची आशा जास्त, बुरशीचा असला तर उपचार पूर्ण वेगळा, म्हणून तपासल्याशिवाय औषध सुरू करणं म्हणजे अंधारात दगड. असं करा, रात्री पाय स्वच्छ धुऊन छिद्रावर स्वच्छ गॉज बांधा, सकाळी त्यावर दाणे चिकटलेले मिळतील, ते गॉज तसंच घेऊन मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग किंवा सर्जरी विभागात जा, एक्स-रे अन् तुकडा तपासणी करायला सांगतील. अकोला, यवतमाळ दोन्हीकडं सरकारी कॉलेज आहे. गावात कोणी चिरा देत असेल तर देऊ नका.

हा आजार आपल्याच देशातून जगाला कळलेला, १८४२ मध्ये मदुराईहून पहिली नोंद झाली, अन् तो बुरशीचा आहे हे दाखवणारे अन् १८६० मध्ये त्याला मायसेटोमा नाव देणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात होते, पुढं साताऱ्याला सिव्हिल सर्जन. जागतिक आरोग्य संघटनेनं याला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं ते २०१६ मध्ये. मधल्या दीडशे वर्षांत काय झालं ते बिनचपलेच्या माणसांनाच विचारा. बाबांना बूट घ्या, दोन्ही पायांसाठी, राहिलेला पाय वाचवायचा आहे.

प्रश्न : संत्र्याची पानं, फांद्या, फळं सगळं काळं पडलं, हात लावला का काजळीसारखं निघते. बुरशीनाशक कोणतं मारू? (वरुड)

बुरशीनाशकानं पैसे जातील. ही कोळशी. काळ्या माशीची पिल्लं पानाच्या खालून रस पितात, गोड चिकटा सोडतात, त्यावर ही काळी बुरशी वाढते. काळी आहे पण पानाच्या आत जात नाही, त्रास इतकाच की पानावर ऊन पडू देत नाही. माशीचा बंदोबस्त पिल्लं लहान असताना, पानाच्या खालच्या बाजूनं नीट भिजेल असा करा, चिकटा थांबला की काजळी आपोआप सुकून गळते.

प्रश्न : सोयाबीन उशिरा निघालं, पाण्यात सापडलं. दाण्यावर जांभळे डाग आले, व्यापारी भाव पाडून मागते. हे दाणे बियाण्याले चालतील का अन् डाग कशाचा? (हिंगणघाट तालुका)

डाग सर्कोस्पोरा किकुची नावाच्या बुरशीचा. हिचा रंग वेगळ्याच जातीचा आहे. वरच्या मेलॅनिनचं काम बहुतेक बचावाचं, हा रंग मारायचा. लाल रंगाचं सर्कोस्पोरिन ही बुरशी पानात सोडते, त्यावर ऊन पडलं की ते आजूबाजूच्या ऑक्सिजनला चेतवतं, तो ऑक्सिजन पानाच्या पेशींचे पडदे फोडतो अन् आतला रस बुरशीच्या तोंडी. अंधारात हेच द्रव्य जवळपास बिनकामाचं. म्हणून वरची, उन्हातली पानं आधी तांबूस-जांभळी होतात, तुम्ही ते पिकलं समजून सोडून दिलं असेल. आता तुम्ही विचाराल मग ते स्वतः बुरशीला काऊन जाळत नाही? तर स्वतःच्या धाग्याजवळ ती त्याचं निरुपद्रवी रूप करून ठेवते, वरून त्याला बाहेर फेकणारे पंप आहेत, अन् जीवनसत्त्व बी-६ चाही यात हात आहे, तो असा सापडला की बी-६ बनवणारा जीन बिघडवलेली बुरशी स्वतःच्याच विषानं मरायला लागली.

बियाण्याचं म्हणाल तर दुसरं असेल तर हे टाळा. नसेलच तर जास्त डागाळलेले वेचून काढा, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहा, ७० च्या खाली आली तर पेरू नका, अन् पेरणार असाल तर कार्बोक्सिन-थायरमची बीजप्रक्रिया किलोला ३ ग्रॅम करूनच. अन् शेंगा पिकल्यावर वावरात उभं ठेवू नका, हार्वेस्टरची वाट पाहण्यात हेच होते.

प्रश्न : अळीसाठी बिव्हेरिया फवारली. आठ दिवसांनी मेलेल्या अळ्या गुलाबी-लाल दिसल्या, काहीवर पांढरी बुरशी. पांढरी समजली, लाल काऊन? पाकीट खराब होतं का? (नेर तालुका)

पाकीट झकास होतं. बिव्हेरिया म्हणजे कीटकांना मारणारी बुरशी, तो लाल रंग तिचाच, ऊस्पोरिन. कीटकाच्या अंगात बुरशी शिरली की कीटक तिला स्वतःच्या मेलॅनिनमध्ये गाडायला पाहतो, म्हणजे इथं मेलॅनिन समोरच्या पार्टीचं हत्यार आहे. ऊस्पोरिन कीटकाचा तो बंदोबस्त ढिला पाडतं. अळी मेल्यावरही ते कामात येतं, मढ्यावर ताव मारायला येणाऱ्या बॅक्टेरियांना दूर ठेवतं, म्हणून अळी सडत नाही, कडक होते, अन् ओल मिळाली की पांढरी फुलते. त्या अळ्या झाडावरच राहू द्या. अन् मधे आठ दिवस बुरशीनाशक मारू नका, स्वतःच आणलेल्या बिव्हेरियाला मारून बसाल.

प्रश्न : मुलीच्या पाठीवर, मानेवर फिक्कट पांढरे डाग आले. वर पाहणं सुरू आहे, कोड तं नसन ना? (एक आई, राळेगाव तालुका)

ताई, डागावर नखानं हलकं खरवडून पाहा. बारीक कोंडा निघाला अन् घामाच्या जागी असतील तर बहुधा शिबं, कोड नाही, तरी एकदा त्वचेच्या डॉक्टरला दाखवा म्हणजे मनातला किडा जाईल. मॅलासेझिया नावाचं यीस्ट सगळ्यांच्याच अंगावर असतं, उकाड्यात वाढतं. ते ॲझेलिक ॲसिड सोडतं, त्यानं आपल्या कातडीचं मेलॅनिन बनणं मंदावतं, म्हणून डाग पांढरा. स्वतःसाठी मात्र ते वेगळी पिवळी-लाल रंगद्रव्यं बनवतं, काही अतिनील किरण शोषतात, काही आपल्या पांढऱ्या पेशींचा मारा थंड पाडतात, म्हणूनच शिब्यात आग-सूज फारशी नसते. केटोकोनॅझोल किंवा सेलेनियम सल्फाइडचं लोशन डॉक्टर देतील. यीस्ट लवकर मरतं पण कातडीचा रंग परत यायला काही महिने लागतात, तेवढ्यात औषध लागू पडलं नाही म्हणून मेडिकलमधून स्टेरॉइडची ट्यूब आणू नका. अन् खरोखर कोड निघालं तरी ते लागट नाही अन् त्यात कोणाचा दोष नाही, पाहुण्यांना तसंच सांगा.

प्रश्न : ज्वारी काढताना डोळ्यात कणसाचं कुसळ गेलं. मेडिकलवाल्यानं ड्रॉप दिला, दोन दिवस बरं वाटलं, आता बुबुळावर पांढुरका डाग अन् त्यात काळपट ठिपका दिसते, उजेड सहन होत नाही. (बार्शीटाकळी तालुका)

दादा, हा अंक हातात पडेपर्यंत थांबायचं नव्हतं, म्हणून तुम्हाला फोनवर आधीच कळवलं, इथं छापतोय ते बाकीच्यांसाठी. पावसात सापडलेल्या ज्वारीचा दाणा काळा पडतो तो बऱ्याचदा कर्व्हुलेरिया नावाच्या बुरशीनं, अन् हीच जात कुसळासोबत बुबुळात शिरली की तिथंही वाढते. तिच्या भिंतीतही मेलॅनिन, म्हणून काही जणांच्या बुबुळावर चक्क काळपट पापुद्रा दिसतो. पण धानाच्या तुसानं, उसाच्या पात्यानं होणारा बुरशीचा डाग बऱ्याचदा फ्युजेरियम किंवा ॲस्परजिलसचा असतो अन् तो काळा दिसेलच असं नाही, तेव्हा काळं नाही म्हणून निश्चिंत राहू नका.

मेडिकलच्या ड्रॉपनं दोन दिवस बरं वाटलं ते त्यात स्टेरॉइड असणार, लाली अन् दुखणं दबतं अन् आत बुरशीला रान मोकळं मिळतं. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा बीटामेथासोन लिहिलेलं असलं तर काडी-कचरा गेलेल्या डोळ्यात ती टाकायचीच नाही. डोळ्याचा डॉक्टर बुबुळावरून किंचित खरवडून स्लाइडवर पाहतो, पाच-दहा मिनिटाचं काम आहे, धागे दिसले की नॅटामायसिनचा ड्रॉप सुरू, सुरुवातीला दर तासाला, रात्रीसुद्धा. दक्षिण भारतातल्या मोठ्या चाचणीत, २०१३ मध्ये, हाच जुना ड्रॉप नव्या अन् महाग व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरला. उशीर झाला तर फूल पडतं अन् मग बुबुळ बदलण्याशिवाय काही हातात राहत नाही. जाताना मेडिकलवाल्यानं दिलेली बाटली सोबत न्या, डॉक्टरला ती पाहायची असते.